तक्रार जशी सांगितली तशीच लिहा

गाडी सर्व्हिसिंगला दिली की एक जॉब कार्ड तयार होतं. किलोमीटर किती, पेट्रोलचा काटा कुठे, बंपरवर ओरखडे किती, स्टेपनी आहे की नाही, हे सगळं त्यावर येतं. त्यातच एक रकाना ग्राहकाच्या तक्रारीचा असतो. सर्व्हिस ॲडव्हायझर टॅबवर काहीतरी टाइप करतो, आपण बोटाने सही करतो आणि रिक्षा पकडून ऑफिसला पळतो. मी डोंबिवलीत राहते, ठाण्यात नोकरी करते. या एका रकान्यासाठी मला जवळजवळ अख्खा पावसाळा भांडावं लागलं.

आमची गाडी जपानी कंपनीची आहे. कुठल्या, ते लिहीत नाही. कारण पुढे जे सांगणार आहे ते कुठल्या तरी एकाच कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला येतं असं मुळीच नाही.

जपानी गाडीवरचा आमच्या घराचा विश्वास जुना आहे. कल्याण-शीळ रस्त्यावर जिथे प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता, त्या भागाला डोंबिवलीकर अजूनही प्रीमियरच म्हणतात. पद्मिनी बनवणाऱ्या याच कंपनीने ऐंशीच्या दशकात ११८ एनई काढली. तिचा सांगाडा जुन्या फियाटचा, इंजिन मात्र निसानचं होतं. माझ्या एका काकांकडे ती होती. दरवाजे गंजून हातात यायची वेळ आली तरी इंजिन कुरकुरत नाही, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला अभिमानाने सांगत. पुढे नव्वदच्या दशकात प्रीमियरने फ्रेंच कंपनीशी भागीदारी करून इथेच प्यूजो ३०९ बनवायला घेतली. ती भागीदारी काही वर्षांतच मोडली आणि ज्यांनी हौसेने ती गाडी घेतली होती त्यांना सुटे भाग मिळेनात. तेव्हा मोठ्यांनी काढलेला निष्कर्ष आम्हा मुलांच्याही डोक्यात बसला: घ्यायची तर जपानी. १४ डिसेंबर १९८३ रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८००ची किल्ली ग्राहकाच्या हातात दिली, त्यामागे हमामात्सूची सुझुकी होती. मध्यमवर्गाच्या दारात गाडी आली तीच मुळी जपानी हाताने.

हा विश्वास उगाच नव्हता. टोयोटाची सुरुवात गाड्यांनी नव्हे, मागांनी झाली. साकिची टोयोदा यांनी १९२४मध्ये असा स्वयंचलित माग तयार केला की धागा तुटला की तो आपोआप थांबायचा, सदोष कापड पुढे विणलंच जायचं नाही. १९२९मध्ये त्या मागाचे हक्क इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सला विकले गेले आणि त्यांच्या मुलाने, किइचिरो यांनी, मोटारीचा नाद धरला. टोयोटा मोटर ही कंपनी १९३७मध्ये उभी राहिली. पुढे त्यांच्या कारखान्यात प्रत्येक कामगाराला दोरी ओढून काम थांबवण्याचा अधिकार मिळाला, तो याच विचारातून. दोष दिसला की थांबा, शोधा, मग पुढे जा. भिवंडीवरून ठाण्याला जाताना यंत्रमागांची खटखट ऐकू येते तेव्हा मला हटकून हे आठवतं. शेजारच्या गावातल्या कुठल्याही कारागिराला पटकन पटेल अशी ही गोष्ट आहे.

आमच्या गाडीचा धागा तुटला तो मुंब्रा बायपासवर. पाऊस चांगला लागला होता, बाजूने कंटेनरची रांग, आणि वळणावर स्टिअरिंग एकदम जड झालं. बंद पडलेली गाडी ढकलताना लागतं तसं जड. दोन्ही हातांनी जोर लावून मी गाडी वळवली, तोवर ती दुभाजकाच्या अगदी जवळ गेली होती. समोर मीटरवर पिवळा दिवा लागला होता, स्टिअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह. मागच्या सीटवर सासूबाई होत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत, पण पुढे शीळफाट्यापर्यंत त्यांनी माझ्या सीटची पाठ घट्ट धरून ठेवली होती. घरी येऊन गाडी बंद करून पुन्हा चालू केली तर दिवा गायब, स्टिअरिंग लोण्यासारखं.

वर्कशॉपमध्ये गेले. ॲडव्हायझर मुलगा सभ्य होता. त्याने गाडी स्कॅनरला लावली, कोड आला नाही. एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मॅडम, गाडी एकदम ओके आहे. पावसात असं होतं कधीकधी." मग थोडं थांबून, "सर आले नाहीत का?" हा प्रश्न गाडी चालवणाऱ्या बहुतेक बायकांनी ऐकला असेल. मी सांगितलं, सर गाडी चालवत नाहीत, मी चालवते. जॉब कार्ड घरी येऊन वाचलं तेव्हा तक्रारीच्या रकान्यात दोनच शब्द होते: जनरल चेकअप.

त्यानंतरही दिवा अधूनमधून लागत राहिला. कधी टाटा पॉवर नाक्याला, कधी घरडा सर्कलला यू-टर्न घेताना. प्रत्येक वेळी वर्कशॉप, प्रत्येक वेळी कोड नाही, प्रत्येक वेळी धुऊन चकचकीत केलेली गाडी परत. मानपाडा रस्त्यावर एक जुने मेकॅनिक आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. त्यांनी नीट समजावलं. "ताई, आता स्टिअरिंगला तेल नाही, मोटर आहे. तुम्ही चाक किती पिरगाळता ते एक सेन्सर मोजतो, तेवढाच जोर मोटर लावते. सेन्सरने उलटसुलट सांगितलं की कॉम्प्युटर घाबरून मोटर बंद करतो. गाडी वळते, पण तुमच्या मनगटाच्या जोरावर. मी हात लावला तर वॉरंटी जाईल. त्यांच्याकडूनच करून घ्या, सोडू नका." वॉरंटी संपायला फार दिवस उरले नव्हते.

वर्कशॉपच्या वेटिंग रूममध्ये बसून मी शेजारच्या लोकांशी बोलायला लागले. घोडबंदर रोडवरून आलेले एक गृहस्थ होते, त्यांची तीच गाडी, तोच पिवळा दिवा. कल्याणच्या एका डॉक्टरबाई होत्या, त्यांनाही पत्रीपुलाजवळ हाच अनुभव आलेला. दोघांनाही सांगितलं होतं की या मॉडेलला असं होतं, नॉर्मल आहे. मी त्यांना त्यांचं जॉब कार्ड दाखवायला सांगितलं. एकावर 'जनरल चेकअप', दुसऱ्यावर 'वॉश अँड इन्स्पेक्शन'. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तिघांच्या गाडीत तोच दोष, आणि कंपनीच्या मुख्य कचेरीत त्याची नोंद शून्य. तिथल्या एखाद्या इंजिनिअरने उद्या मनापासून शोधायचं ठरवलं तरी त्याच्या समोर काहीच येणार नाही, कारण दोरी ओढायच्या जागीच ती कापलेली होती.

तक्रार दाबली तर काय होतं याचं उदाहरण जपानमध्येच आहे. मित्सुबिशी मोटर्सने १९७७पासून ग्राहकांच्या कित्येक तक्रारी सरकारपासून लपवल्या होत्या. अधिकाऱ्यांना दाखवायच्या फायली वेगळ्या, आणि खऱ्या तक्रारींचे कागद कर्मचाऱ्यांच्या लॉकरमध्ये. २०००मध्ये कोणीतरी निनावी खबर दिली आणि हे उघड झालं. कंपनीने माफी मागितली. पण २००४मध्ये कळलं की तेव्हाही सगळं सांगितलेलं नव्हतं. मधल्या काळात, जानेवारी २००२मध्ये, योकोहामात एका ट्रकचं चाक निखळून रस्त्याने चाललेल्या एका तरुण आईच्या अंगावर गेलं. ती गेली, तिची दोन मुलं जखमी झाली. चाक जिथे जोडलेलं असतं तो भाग तुटत असल्याच्या तक्रारी कंपनीकडे आधीपासून होत्या. हे वाचल्यापासून 'जनरल चेकअप' हे शब्द मला साधे वाटत नाहीत.

टोयोटाचेही पाय घसरले. गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींनंतर लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या आणि फेब्रुवारी २०१०मध्ये अकिओ टोयोदा यांनी अमेरिकी काँग्रेससमोर माफी मागितली. आपण फार वेगाने वाढलो, माणसं आणि व्यवस्था त्या वेगाने तयार करू शकलो नाही, असं त्यांनी कबूल केलं. ज्यांच्या पणजोबांनी थांबणारा माग बनवला त्या माणसाला हे म्हणावं लागलं, म्हणजे नुसतं जपानी नाव पुरेसं नाही हे उघड आहे. ऐकणारी माणसं शोरूमच्या मागच्या शेडमध्येही लागतात.

मला वाट दाखवली ती सासूबाईंनी. त्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या जुन्या सभासद. १९७५पासून चालणाऱ्या या संस्थेचा महिन्याचा माल एका घरी उतरायचा आणि आसपासच्या बायका मिळून तो वाटून घ्यायच्या. तूरडाळीत खडा निघाला तरी त्यांना लेखी कळवायची सवय होती. माझी तणतण ऐकून त्या एवढंच म्हणाल्या, "लिहून दिलंस का? आणि पोच घेतलीस का?"

मग मी पद्धतशीर लागले. प्रत्येक वेळी दिवा लागल्याची तारीख, जागा, किलोमीटर वहीत लिहिले. मुलीला शेजारी बसवलं आणि दिवा लागला की फोनवर व्हिडिओ घ्यायला सांगितलं. त्यात मीटरचा आकडाही दिसला पाहिजे, हे बजावलं. पुढच्या वेळी वर्कशॉपमध्ये गेल्यावर मी सही करायच्या आधी टॅब माझ्याकडे वळवायला लावला. "मी सांगते तसंच लिहा," म्हटलं. "वळणावर स्टिअरिंग अचानक जड होते, पिवळा दिवा लागतो, इंजिन बंद करून चालू केल्यावर जातो." तो म्हणाला, मॅडम, सिस्टममध्ये एवढं मोठं येत नाही. मी म्हटलं, मग कागदावर लिहा आणि शिक्का मारा. मॅनेजर आले, थोडी बोलाचाली झाली. मागे रांगेत उभे असलेले घोडबंदरचे तेच गृहस्थ म्हणाले, "माझंही तसंच लिहा." सिस्टममध्ये सगळं आलं.

त्याच संध्याकाळी जॉब कार्डचे नंबर, वहीतली नोंद आणि व्हिडिओ जोडून मी कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल केला. वॉरंटी कधी संपते तेही लिहिलं. पुढे कंपनीचा स्वतःचा माणूस आला. तो माझ्या शेजारी बसला, घरडा सर्कलपासून एमआयडीसीतून चकरा मारल्या, आणि एका यू-टर्नला दिवा लागला. तो काही बोलला नाही, लॅपटॉपवरचे आकडे बघत राहिला. स्टिअरिंग कॉलम वॉरंटीत बदलून मिळाला. बिलावर रक्कम शून्य होती. जुना भाग मी मागून घेऊन पाहिला. वळण मोजणारा सेन्सर बिघडला होता, मामांनी सांगितला होता तोच.

तोवर मी कायद्याचीही चौकशी करून ठेवली होती, ती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून लिहिते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा आयोगात दाद मागता येते. कंपनीचं ऑफिस दिल्लीला असो की चेन्नईला, डोंबिवलीकराला ठाण्यातच तक्रार करता येते. दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. शुल्क ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००. मुदत दोन वर्षांची. वकील न देताही उभं राहता येतं.

पण भाबडी आशा नको. २००६मध्ये मारुती उद्योगच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वॉरंटी सदोष भाग बदलून देण्याची असते, अख्खी गाडी बदलून देण्याची नाही. गाडी बदलायचा आदेश गेला, ग्राहकाला ५० हजार रुपये मिळाले. दुसरा निकाल गोव्याचा. २००९ची गाडी २०११मध्ये नवी म्हणून विकल्याचं ते प्रकरण टाटा मोटर्सपर्यंत गेलं. २०२१मध्ये न्यायालय म्हणालं की डीलरच्या करणीला, माहिती असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय, उत्पादकाला जबाबदार धरता येणार नाही. म्हणजे डीलर कंपनीकडे बोट दाखवतो आणि कंपनी डीलरकडे, या खेळात ग्राहकाने दोघांनाही लेखी कळवलेलं असणं फार महत्त्वाचं. दोष मुळातलाच आहे हेही बहुधा ग्राहकालाच सिद्ध करावं लागतं, तज्ज्ञाचा अहवाल लागतो. 'जनरल चेकअप' लिहिलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यावर ते कसं सिद्ध करणार?

१ एप्रिल २०२१पासून सदोष गाड्या परत बोलावण्याचा नियमही सक्तीचा झाला आहे. सात वर्षांच्या आतल्या गाड्यांबाबत मालकांकडून ठरावीक संख्येने तक्रारी आल्या तर सरकार चौकशी लावून कंपनीला गाड्या परत बोलवायला भाग पाडू शकतं. या नियमाचा सगळा डोलारा तक्रारींच्या मोजणीवर उभा आहे. न लिहिलेली तक्रार त्यात धरली जात नाही.

कल्याणच्या डॉक्टरबाईंचा कॉलम अजून बदललेला नाही. त्यांची वॉरंटी संपली आणि हातात नीट लिहिलेलं एकही कार्ड नाही, म्हणून वर्कशॉपने पूर्ण खर्चाचं इस्टिमेट दिलं आहे. आम्ही दोघींनी बसून त्यांचा अर्ज तयार केला आहे, तो आता कंपनीकडे जाईल आणि गरज पडली तर ठाण्याला.

तेव्हा वाचकांना एक विनंती. पुढच्या वेळी गाडी सर्व्हिसिंगला द्याल तेव्हा सही करण्याआधी तक्रारीचा रकाना वाचा. तुम्ही सांगितलेले शब्द तिथे नसतील तर लिहून घ्या, कार्डची प्रत घ्या आणि जपून ठेवा. आणि शेजारी बसलेल्या माणसाला विचारा, तुमच्याही गाडीला असं होतं का?