एक गळा, दोन कर्णे

मनुष्य गेला म्हणजे त्याची जपमाळ, त्याचें उपरणें, त्याचीं पत्रें मागें राहतात. पण त्याचा आवाजही मागें राहावा ही सोय आमच्या पणज्यांच्या काळीं नव्हती. आतां ती घरोघर झाली आहे. मात्र जी वस्तु सहज मिळते तिच्या रक्षणाकडे आपलें लक्ष कमी असतें. ज्या प्रसंगानें हें आमच्या ध्यानांत आलें, तो आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं येण्यासारखा असल्यामुळें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमचा परभणी जिल्हा बायकांच्या गाण्यांविषयीं दरिद्री नाहीं. संत जनाबाईंचें जन्मस्थान म्हणून प्रसिद्ध असलेलें गंगाखेड याच जिल्ह्यांत आहे. पूर्णा तालुक्यांतील ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांनीं म्हटलेल्या जात्यावरील ओव्या १९९० च्या दशकांत हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांच्या संग्रहासाठीं मुद्रित झाल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांच्या त्या संग्रहांत त्यांचा गळा आज कोणासही ऐकतां येतो. परंतु प्रत्येक घरच्या आत्याबाईंपर्यंत असे संशोधक कोठून पोहोंचणार? तें काम घरच्याच माणसांनीं करावयाचें असतें.

आमच्या आत्याबाईंच्या भूपाळ्या १९९३ सालीं परभणीस, आमच्या माजघरांत मुद्रित झाल्या. परदेशीं नोकरीस असलेल्या आमच्या पुतण्यानें चार ट्रॅकचें कॅसेट-यंत्र बरोबर आणलें होतें. या यंत्राची थोडी ओळख करून दिली पाहिजे. फिलिप्स कंपनीनें १९६३ सालीं प्रचारांत आणलेल्या कॅसेटची फीत रुंदीला चार मिलिमीटरांहूनही कमी असते. तरी तिच्यावर आवाजाचे चार पट्टे मावतात, दोन एका बाजूचे व दोन उलट्या बाजूचे. टास्कॅम कंपनीनें १९७९ सालीं 'पोर्टास्टुडिओ' नांवाचें यंत्र काढून हे चारही पट्टे एकाच दिशेनें, व फीत दुप्पट वेगानें फिरवून, वापरण्याची युक्ति रूढ केली. आज गळा भरावा, तो ऐकत उद्यां पेटी भरावी, परवां टाळ. आणि शेवटीं सर्वांचें मिश्रण करून डावा व उजवा असे दोनच ट्रॅक साध्या कॅसेटवर उतरून घ्यावे, अशी ही रीत. अमेरिकन गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन याचा १९८२ सालचा 'नेब्रास्का' हा गाजलेला गीतसंच अशाच यंत्रावर घरीं बसून मुद्रित झालेला आहे.

पुतण्यानें आत्याबाईंपुढें दोन मायक्रोफोन शेजारींशेजारीं ठेविले. पहिल्या दोन ट्रॅकवर त्यांचा गळा, तिसऱ्यावर पेटी, चौथ्यावर टाळ. मिश्रण करतांना गळ्याचा पहिला ट्रॅक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे, आणि पेटी व टाळ मधोमध ठेविले. हेडफोन लावून ऐकलें तों गळा दोन्ही बाजूंस पसरल्यासारखा, परंतु स्पष्ट होता. सर्वांचें समाधान झालें. यंत्र आमच्याकडे ठेवून पुतण्या परत गेला, आणि १९९६ सालीं आत्याबाई वारल्या.

पुढें त्यांचे धाकटे बंधु, म्हणजे आमचे काका, यांनीं अंथरूण धरलें. त्यांच्या उशाशीं एकाच कर्ण्याचा लहान टेपरेकॉर्डर होता. एके पहाटें त्यावर ती कॅसेट लाविली. पेटी खणखणीत वाजूं लागली, टाळही ऐकूं येऊं लागले. काका थोडा वेळ कान देऊन म्हणाले, "अरे, अक्का कुठें आहे? नुसती पेटीच वाजते आहे." खरोखरच गळा नाहींसा झाला होता, कोणी विहिरीच्या तळाशीं पुटपुटावें इतकाच त्याचा मागमूस होता.

घरांत तर्क सुरू झाले. कोणी म्हणालें फीत झिजली, कोणी म्हणालें यंत्राचें मुख मळलें. स्पिरिटाच्या बोळ्यानें मुख पुसलें, फरक नाहीं. त्याच टेपरेकॉर्डरवर दुसरी कॅसेट लाविली. तींतील गाणारा नीट गात होता. म्हणजे दोष या यंत्राचा नव्हे. मग मिश्रणाची कॅसेट हेडफोनवर ऐकली, गळा हजर! डाव्या कानास आहे, उजव्या कानास आहे, आणि एका कर्ण्यांत मात्र नाहीं. तेव्हां आम्हीं चार ट्रॅकची मूळ कॅसेट काढली व एकेक ट्रॅक वेगळा ऐकला. पहिला उत्तम, दुसराही उत्तम. पण त्या दोहोंच्या दिशेचीं बटणें फिरवून दोन्ही मधोमध आणतांच गळा विरून गेला. चोर सांपडला: दोन्ही ट्रॅक निर्दोष होते, परंतु एकमेकांच्या उलट होते.

याचें कारण असें. आवाज म्हणजे हवेचें पुढेंमागें हालणें. मायक्रोफोन त्याचे विजेंत चढ-उतार करतो. मायक्रोफोनच्या तारेच्या टोकास तीन खिळे असतात. बाजारांतून आणलेल्या दोन तारांपैकीं एकीचें टोक उघडून पाहिलें, तों दुसऱ्या व तिसऱ्या खिळ्यांचीं जोडणीं अदलाबदल झालेलीं. त्यामुळें एका ट्रॅकवर जेथें चढ, तेथें दुसऱ्यावर उतार. दोन कर्णे निराळे असतांना हे दोघे आपापल्या कानांत नांदतात; एका कर्ण्यांत त्यांची बेरीज होते, आणि ती जवळजवळ शून्य येते. पेटी व टाळ दोन्हीकडे सारखेच असल्यानें त्यांस धक्का लागत नाहीं.

उपाय सोपा निघाला. गळ्याचा पहिला ट्रॅक एकटाच मधोमध घेतला, दुसरा बंद ठेविला, पेटी किंचित् डावीकडे व टाळ किंचित् उजवीकडे सारले, आणि नवें मिश्रण उतरून घेतलें. काकांनीं पहिली भूपाळी निमूट ऐकली. दुसरीस स्वतःच सूर धरला.

परंतु मूळ कॅसेट नसती तर? मिश्रणाची एक बाजू उलटी करून गळा परत आणतां आला असता. पण त्याच क्षणीं मधोमध असलेले पेटी-टाळ विरून गेले असते. केवळ एकच बाजू ऐकणें, एवढाच मार्ग उरता. म्हणजे मिश्रण हा एका माणसानें एका दिवशीं केलेला निर्णय होय. मूळ ट्रॅक हें भांडवल होय. आणि हें भांडवल आमच्या घरांतून जाणारच होतें. मिश्रण झाल्यावर "आतां ही कॅसेट पुन्हां वापरा" असें एका आप्तांनीं सुचविलें होतें. दुसऱ्यांनीं ती साध्या टेपरेकॉर्डरवर लावून "खराब झाली" असा निकाल दिला होता. चार ट्रॅकची दुप्पट वेगाची कॅसेट साध्या यंत्रावर निम्म्या वेगानें, एक सप्तक खालच्या सुरांत घरघरते, आणि उलट्या बाजूस तर शब्द मागून पुढें येतात. ती खराब नसते. तिचें यंत्र निराळें असतें.

म्हणून आमची वाचकांस विनंती अशी कीं, माळ्यावर अशी घरघरणारी कॅसेट सांपडली तर ती टाकूं नये. तिच्यावर कोणाचा गळा, कोणतें साल, कोणत्या ट्रॅकवर काय, हें लिहून ठेवावें, आणि जाणत्याकडून चारही ट्रॅक वेगवेगळे संगणकावर उतरवून घ्यावे. नवें मिश्रण केलें तर तें एकदां एका कर्ण्यावर अवश्य ऐकावें. आजकाल स्वयंपाकघरांत मोबाइलवर गाणें लागतें तें बहुधा एकाच कर्ण्यांतून. तेथें आपलें माणूस ऐकूं आलें, तरच काम पुरें झालें असें समजावें.