वजा न होणारे गुण

रत्नागिरीच्या कोर्टाजवळ एका वकिलांकडे टायपिंग करणाऱ्या मुलीचा एक राग अजून गेलेला नाही. बीकॉम झालेली, वकालतनामे आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करून हात बसलेला. १८ ऑगस्ट २०२५ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरीची प्रकरणंही तिकडे जाऊ लागली आणि तिने ठरवलं, आपणही तीन वर्षांची एलएलबी करायची. गावात भागोजीशेठ कीर विधी महाविद्यालय आहेच. पण प्रवेश हवा तर राज्याची सीईटी द्यावी लागते. पगारातून पैसे काढून तिने ऑनलाइन क्लास लावला.

घोळ तिथेच झाला. सीईटीच्या नावाखाली क्लासने क्लॅटचा माल गळ्यात मारला. क्लॅट असते राष्ट्रीय विधी विद्यापीठांतल्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी, नाहीतर एलएलएमसाठी. तीन वर्षांच्या एलएलबीवालीला तिचा काय उपयोग? शिवाय तो पेपर इंग्रजीत आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. राज्याच्या सीईटीत इंग्रजीचा भाग सोडला तर प्रश्न मराठीतही असतात, आणि गुण कापले जात नाहीत.

हे तिला कोणी सांगितलंच नाही. रात्री सराव चाचणी सोडवताना दोन पर्यायांत अडकली की ती प्रश्न सोडून द्यायची, कारण निकालात लाल अक्षरांत वजा ०.२५ दिसायचं. हळूहळू सोडून द्यायची सवयच जडली. सीईटीत दोन तासांत १२० प्रश्न, पूर्वी १५० असत. त्यातले ३० कोरे ठेवले, तर डोळे मिटून टिक केल्यावरही मिळू शकणारे सात-आठ गुण गेले! ऑफिसातल्या ज्युनिअर वकिलाने माहितीपुस्तिका पुढ्यात टाकली तेव्हा उलगडा झाला. क्लासला विचारलं, तर उत्तर आलं, ‘‘सराव कडक असलेला बरा.’’ याला निर्लज्जपणा म्हणतात.

वकिलीचे क्लास काही आजचे नाहीत. रत्नागिरीत जन्मलेले टिळक १८७९ साली एलएलबी झाले आणि पुढे पुण्यात त्यांनी लॉ क्लास चालवला. पण तिथे शिकवणारा समोर उभा असे. इथे व्हॉट्सअॅपच्या नंबरापलीकडे माणूसच नाही.

गंमत म्हणजे क्लॅटच्या लांबलचक उताऱ्यांनी आपलं इंग्रजी सुधारलं, हे तीच सांगते. नोट्सही तिने टाकून दिलेल्या नाहीत.

सीईटी सेलची माहितीपुस्तिका संकेतस्थळावर फुकट मिळते. कुठल्याही क्लासचे पैसे भरण्याआधी त्यातलं गुणांचं पान वाचा आणि यंदा प्रश्न किती, गुण कापतात का, एवढंच क्लासवाल्याला विचारा. अडखळला, तर पैसे भरू नका.