पाठीवर पिशवी, हातात हिशेबाची वही

लेकीला हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात शिकायचं आहे. फीचं जमेल, पण परक्या शहरात ती खाईल काय आणि कितीत, हा घरातला खरा प्रश्न. तिचे अब्बू म्हणाले, "चार दिवस राहून बघा, मग ठरवू." दोघींनी पाठीवर एकेक पिशवी घेतली, खाण्याचे रोजचे तीनशे रुपये ठरवले आणि परभणीहून रात्रीची गाडी धरली.

पहिली चूक माझीच. दुपारी काचीगुडा स्टेशनजवळ मोठी पाटी दिसली आणि शिरलो. दोन बिर्याणी, पाण्याच्या बाटल्या. दिवसाचे पैसे एका बैठकीत गेले आणि भात निम्मा उरला. शेजारी दोघं एकाच प्लेटमध्ये जेवत होते, ते आम्हाला उशिरा दिसलं. उरलेलं बांधून घेतलं, रात्री तेच खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून पाटी नाही, गिऱ्हाईक पाहायचं ठरवलं. चारमिनारच्या मागच्या गल्लीत सकाळी रिक्षावाले उभे होते, तिथेच आम्हीही थांबलो. मसूर डाळीची पिवळी खिचडी, बाजूला खिमा आणि चिंच-तिळाचा पातळ खट्टा. दुपारपर्यंत भूक नाही. मध्ये लागलीच तर इराणी चहात उस्मानिया बिस्कीट. सालारजंग संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, आम्ही नेमक्या शुक्रवारीच पोहोचलो!

खिचडीवाल्यानं लेकीला विचारलं, "और होना?" ती म्हणाली, "नक्को." तो हसला, "आप तो इधरकेच निकले." वर्गात मुलांच्या उर्दूतलं हे 'नक्को' मी वीस वर्षं खोडत आले. ते आपल्या मराठी 'नको'चंच रूप. इथे खोडायला बसले तर अर्धं शहर मुकं होईल.

तिसऱ्या दिवशी महापालिकेच्या पाच रुपयांच्या जेवणाची टपरी दिसली. ही योजना 2014 पासून आहे. भात, डाळ किंवा सांबार, भाजी, लोणचं. रांगेत हमाल होते, रुग्णांचे नातेवाईक होते, पुस्तकं घेतलेली मुलंही. माझे पाय अडखळले. ओळखीचं कुणी पाहील ही लाज होती, हे कबूल करते. पण दुसरंही होतं: आपली ऐपत असताना हा घास दुसऱ्या कुणाचा तर नाही? लेक म्हणाली, "अम्मी, इथे राहिले तर महिनाअखेरीला मी याच रांगेत असेन. आज चव तर बघू द्या." भात गरम होता, भाजी तिखट. तिनं उभ्यानं सगळं संपवलं. मी मात्र घेतलं नाही. अजून ठरवता आलेलं नाही, बरोबर केलं की नाही.

परतीच्या गाडीत हिशेब झाला. बाराशेपैकी दोनशे साठ उरले होते. मी म्हटलं, "अब्बूंना पहिल्या दिवसाचं पान दाखवू नकोस."

"तेच आधी दाखवणार," ती म्हणाली आणि वही आपल्या पिशवीत टाकली.