घासलेलं तांबं

पोंगलच्या आधीची आवराआवर चालली होती. आमच्याकडे कामाला येणाऱ्या अक्कांनी देवाची तांब्याची भांडी चिंचेने घासली आणि त्याच हाताने अप्पांच्या डबीतली नाणीही घासून काढली. मी स्वयंपाकघरात शिरले तर चिंचेचा आणि ओल्या तांब्याचा तो आंबट, दातांत शिरणारा वास भरून राहिलेला, आणि फडक्यावर नाणी गुलाबी पडून चमकत होती. "बघा अम्मा, नवी झाली!" त्या इतक्या आनंदाने म्हणाल्या की मी नुसती मान हलवली.

तांब्यावर दीडदोनशे वर्षांत बसलेला काळपट तपकिरी थर म्हणजे नाण्याचं कवच. चिंचेतलं आम्ल तो काही मिनिटांत विरघळवतं, आणि मग चेन्नईची खारी हवा उघड्या धातूवर हिरवी भुकटी धरते. जमवणाऱ्यांच्या लेखी अशा नाण्याची किंमत तिथेच संपली. मला रुखरुख लागली ती वेगळीच. त्या काळेपणात अप्पांचा अंगठाही होता.

अप्पा पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात होते. सुट्टीत पुण्याला गेलो की रविवारी जुन्या बाजारात चक्कर ठरलेली. तिथे एक जण पोत्यावर शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची तांब्याची नाणी, ओतून बसायचा आणि मुठीने तराजूच्या पारड्यात टाकून वजनावर विकायचा. पारड्यात पडताना होणारा तो दबका, ओला वाटणारा आवाज अजून माझ्या कानात आहे. एकदा अप्पा उकिडवे बसून तासभर चिवडत राहिले आणि शेवटी उचलली ती सगळ्यात झिजलेली. एका बाजूला 'राजा'तला 'जा' तेवढा चाचपडून लागत होता, दुसरी बाजू सपाट. मी हिरमुसले. ते म्हणाले, "ही खूप हातांतून गेलीय गं."

शिवराईवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे अक्षरं कडेला कापली जायची. पुढे ठिकठिकाणच्या टांकसाळींत तीच पाडली गेली. कुठे 'शिव', कुठे 'सिव', कुठे 'सीव'. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल आल्यावरही ती बाजारात फिरत होती. मोहरा तिजोरीत राहिल्या, होन दानात गेले. मीठ, पानसुपारी, तेलाची पळी मात्र तांब्यावर यायची.

डबीतलं दुसरं नाणं मद्रासचं, कंपनी सरकारचं, वीस कासांचं. अप्पांनी ते सेंट्रल स्टेशनजवळच्या मूर मार्केटमध्ये घेतलं. ते मार्केट १९८५ च्या मे महिन्यात जळालं, तेव्हा अप्पा दोन दिवस नीट जेवले नव्हते. नाण्याच्या एका बाजूला कंपनीचं चिन्ह, दुसरीकडे फारसीत लिहिलंय की वीस कास म्हणजे चार फलूस. ऐंशी कासांचा एक फणम, बेचाळीस फणमांचा एक पगोडा. आमच्या शहरात मिंट स्ट्रीट असली, तरी हे नाणं तिथलं नाही. १८०३ पासून ही नाणी बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनच्या सोहो टांकसाळीत वाफेच्या यंत्रांवर पडत आणि जहाजाने इकडे येत. त्याच बोल्टनच्या कारखान्यातून फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला सेंटसाठी कोऱ्या तांब्याच्या चकत्या जात होत्या. म्हणजे एकाच आवारात तयार झालेलं तांबं मायलापूरच्या तेलविक्याकडे आणि अमेरिकेतल्या कुठल्याशा पाववाल्याकडे पोचलं.

त्या अमेरिकी सेंटांवरच माझा राग आहे. खरं तर सेंटांवर नाही, त्यांच्या एका संग्राहकावर. विल्यम शेल्डनने १९४९ मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटांसाठी १ ते ७० गुणांची मोजपट्टी काढली. अगदी निर्दोष, कोऱ्या नाण्याला सत्तर, ओळखू येण्यापुरत्या उरलेल्याला एक. हीच पट्टी पुढे जगभर पसरली आणि आता आमच्या शिवरायाही प्लास्टिकच्या डब्यात सीलबंद होऊन गुण मिळवतात. हाच शेल्डन न्यूयॉर्कच्या नाणेसंस्थेतल्या उत्तम सेंटांच्या जागी आपले हलके सेंट ठेवून चांगले घेऊन गेल्याचं त्याच्या मृत्यूनंतर उघड झालं. मला याचं नवल वाटलं नाही. ज्याला नाणं फक्त कोरं हवं, त्याला ते कुणाच्या हातून गेलं याचं काय! अप्पांच्या शिवराईला या पट्टीवर एकच गुण मिळेल. मला हे पटत नाही, पटणारही नाही.

सगळ्यात कोरी वीस कासं कुठली, तर समुद्रातली. 'ॲडमिरल गार्डनर' नावाचं कंपनीचं जहाज जानेवारी १८०९ मध्ये इंग्लंडच्या केंट किनाऱ्याजवळ, गुडविन सँड्सच्या वाळूत फुटलं. त्यात १८०८ सालची दहा आणि वीस कासांची नाणी टनांनी भरलेली होती. १९८० च्या दशकात त्यातली दहा लाखांहून जास्त वर काढली. आज ती प्रमाणपत्रासह विकली जातात. मीही एक हातात घेऊन पाहिलं. देखणं आहे. त्याने एक मिरचीसुद्धा विकत घेतलेली नाही.

पण न फिरणारं नाणं समुद्रातच असतं असं नाही. मध्यंतरी मायलापूरच्या तळ्याशी गजरा घेतला आणि दहा रुपयांचं नाणं दिलं. फुलवालीने ते परत केलं. दहाचं नाणं खोटं असतं ही अफवा तमिळनाडूत इतकी मुरली आहे की रिझर्व्ह बँकेने वारंवार सांगूनही ती हटत नाही. "तुमच्याकडून घेईन हो," ती म्हणाली, "पण माझ्याकडून पुढे कुणी घेत नाही." तिच्या पेटीत खाली अशी बरीच साचली होती. दिवसाच्या कमाईतला तो भाग कुठेच चालत नव्हता. मी तिची सगळी नाणी घेतली आणि नोटा दिल्या. बँकेत गेले तेव्हा तिथल्या माणसाने कटकट न करता मोजून घेतली. आता दर शुक्रवारी ती माझ्यासाठी नाणी बाजूला काढून ठेवते, आणि मी ती बँकेत नेऊन देते.