वाळूतली पेरणी

आपल्याकडे देवळाच्या सभामंडपात दगडी कासव असते. इंद्रिये आवरून मनुष्याने अंतर्मुख व्हावे, असा त्याचा अर्थ जाणकार सांगतात. समुद्री कासवाला मात्र हा दृष्टांत लागू पडत नाही. त्याला डोके वा वल्ह्यांसारखे पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. जगापुढे ते उघडेच राहते. अशा ह्या जिवाच्या सेवेत काही आठवडे घालविण्याची संधी आम्हांस आमच्या विश्रांती-वर्षात लाभली.

कोस्टारिका देशाच्या कॅरिबियन किनाऱ्यावर तोर्तुगेरो नावाचे खेडे आहे. स्पॅनिश भाषेत कासवाला 'तोर्तुगा' म्हणतात, त्यावरून हे नाव. एका बाजूस समुद्र, दुसऱ्या बाजूस कालवा. मोटारीचा रस्ता तेथवर जात नाही. पूर्वी ह्या पुळणीवर 'वेलादोर', म्हणजे रात्रीचे जागले, अंडी घालावयास आलेल्या माद्यांना उलथ्या पाडून ठेवीत व मग त्यांची विक्री होई. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार ह्यांनी १९५० च्या दशकात हा संहार पाहिला. त्यांचे 'द विंडवर्ड रोड' हे पुस्तक १९५६ साली निघाले. ते वाचून जोशुआ पॉवर्स ह्या गृहस्थाने 'हिरव्या कासवाचा बंधुसंघ' स्थापिला. त्यातूनच १९५९ साली आजच्या 'सी टर्टल कॉन्झर्व्हन्सी' ह्या संस्थेचा उगम झाला आणि १९७५ साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. एका पुस्तकातून बंधुसंघ जन्मावा, हे आम्हांस विशेष भावले.

स्वयंसेवकांचे काम साधे, पण कष्टाचे. काळे कपडे घालून रात्रभर वाळू तुडवावयाची. पांढरा प्रकाश वर्ज्य. अगदीच लागला तर मंद तांबडा. मादी खड्डा खणून अंडी घालू लागली की तिच्या मागे पालथे पडून ती मोजावयाची. बहुधा शंभराच्या आसपास भरतात. नंतर कवचाची लांबी घ्यावयाची व पुढच्या वल्ह्यांना धातूचा क्रमांकित बिल्ला लावावयाचा. शंभर किलोंहून जड असा तो देह वाळू लोटीत पुन्हा लाटांत शिरे, तेव्हा आम्ही सारे नकळत उभे राहत असू.

आमच्या वाटाड्याचा बाप एके काळी वेलादोर होता. आम्ही धर्मगुरू आहोत हे कळल्यावर त्याने एका रात्री विचारले, "पाद्रे, उपवासकाळात कासव खाल्ले तर चालते का?" प्रश्न थट्टेचा नव्हता. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर कासव 'मासळी'त मोजून पवित्र सप्ताहात खाण्याची रूढी होती. तेथे १९९० साली कायद्याने बंदी आली, तरी रूढी सुटेना. म्हणून २००२ साली पर्यावरणप्रेमींनी पोप जॉन पॉल दुसरे ह्यांना, कासवाचे मांस हे मांसच होय असे सांगावे, अशी विनंती केली होती. आम्ही त्याला म्हणालो, "बाबा, मांस की मासळी हा वाद राहू दे. दुसऱ्याचा वंश बुडवून जो पाळला जातो, तो उपवास कसला?" तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझ्या बापाला वाईट समजू नका. घरात आम्ही सात तोंडे होतो." ह्या उत्तरापुढे आमचे प्रवचन थिटे पडले. आज तो वाटाड्या म्हणून पोट भरतो. जिवंत कासव त्याच्या चुलीला आधार देते म्हणूनच ते वाचते. गरिबाची भाकरी विसरून केलेले सृष्टिरक्षण टिकत नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' परिपत्रकात पृथ्वीचा व दरिद्र्यांचा आक्रोश एकत्रच ऐकावयास सांगितले आहे, ते उगीच नव्हे.

हे पुण्य मिळवावयास इतके दूर जावेच लागते असे नाही. आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास गावी २००२ साली सह्याद्री निसर्ग मित्र संस्था व ग्रामस्थ ह्यांनी ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखावयास आरंभ केला. तेथेही पाहुण्यांची उठबस ग्रामस्थांच्याच घरी होते.

अंड्यांतून पिल्ले निघावयास सुमारे दोन महिने लागतात. तोवर आम्ही आमच्या धर्मग्रामात परतलो होतो. त्यांतील एखादी मादी जगलीच, तर अंडी घालावयास येईपर्यंत वीस-तीस वर्षे लोटतील. आम्ही तेव्हा बहुधा नसू. पेरणाऱ्याच्या दाखल्यावर आम्ही वर्षानुवर्षे प्रवचने केली. पण कापणीला हजर राहण्याचा आग्रह सोडून पेरावे कसे, हे आम्हांस त्या काळोख्या पुळणीवर उमगले.