सिकंदराचे औषध

रूसोचे 'एमील' (१७६२) आम्ही प्रथम वाचले ते विद्यार्थी असताना, पुन्हा वाचले ते मास्तरकी पत्करल्यावर. दोन्ही वेळी एकाच प्रसंगापाशी थबकलो. रूसो एका गावाकडच्या घरी पाहुणा असताना तिथल्या लहान मुलाने पाठ केलेली गोष्ट सांगितली. वैद्य फिलिप विष घालणार असल्याचे पत्र हाती येऊनही सिकंदराने त्यानेच दिलेले औषध निःशंकपणे प्राशन केले, ती गोष्ट. मोठी मंडळी जेवताना त्या धाडसाचा खल करीत बसली. नंतर रूसोने मुलाला बागेत नेऊन विचारले, तेव्हा उलगडा झाला. एवढे घाणेरडे औषध सिकंदर न कुरकुरता एका घोटात प्याला, हेच मुलाला शौर्य वाटले होते! त्याला स्वतःला पंधरवड्याच्या आतच औषध घ्यावे लागले होते, आणि ती चव अजून तोंडात होती.

लहान मुलांना इतिहास शिकवूच नये, हे रूसोचे मत. घटनांमागचे मानवी व्यवहार कळले नाहीत तर हाती उरतात ते निव्वळ शब्द. त्याच्या एमीलला इतिहास भेटतो तो तारुण्याच्या उंबरठ्यावर. इतरांना एवढा धीर नव्हता. प्रीस्टलीने १७६५ साली सुमारे दोन हजार नामवंतांची आयुष्ये रेघांनी मांडणारा तक्ता काढला; मादाम द जांलीसच्या 'आदेल ए तेओदोर'मध्ये (१७८२) तर घराच्या भिंतीच इतिहासाच्या चित्रांनी सजल्या आहेत. इतिहास मुलांच्या डोळ्यांना दिसावा, ही धडपड. (कल्पना मोहक खरी, पण त्या भिंतींपाशी मुलाच्या जिभेवर कसली चव होती, हे कोणी विचारावे?)

चौथीत आग्र्याहून सुटका शिकताना आमच्या डोळ्यांपुढे महाराजांवरचे संकट नव्हतेच. होते ते मिठाईचे पेटारे. तसे बोलून दाखवले तेव्हा अख्खा वर्ग हसला होता. असे असूनही, मास्तर झाल्यावर तसल्याच एका उत्तराला आम्ही वर्गासमोर हसलो. त्या मुलीने वर्षभर पुन्हा हात वर केला नाही.

रूसोही त्या मुलाला हसला, अशीच आमची आठवण होती. पुन्हा वाचताना कळले की तसे नाही. यापुढे औषध घ्यायची वेळ आली तर सिकंदरासारखेच घ्यायचे, हा मुलाचा निश्चय त्याने ऐकला, त्याला दुजोरा दिला आणि काहीही दुरुस्त न करता तो परत फिरला. मनातल्या मनात हसला तो आपण मुलांना इतिहास शिकवतो असे समजणाऱ्या आईबापांना आणि मास्तरांना.