ऐकू येतं तेवढंच

विरार रात्री पुरतं निजत नाही. मध्यरात्र उलटल्यावर चर्चगेटहून सुटलेली शेवटची गाडी इथे रिकामी होते आणि पहाटे साडेतीनच्या सुमारास पहिली गाडी मुंबईकडे निघते. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून बॅकबेपर्यंत गाडी सुरू झाली, जाणारी एक आणि येणारी एक. तेव्हापासून या पट्ट्याचं घड्याळ गाडीवर लागलेलं आहे. रुळांच्या पश्चिमेला मात्र निराळी वेळ चालते. आगाशी, निर्मळ, भुईगावच्या वाड्यांमध्ये फुलं खुडायला माणसं अंधारातच उठतात, कारण दादरचा फुलबाजार उजाडायची वाट बघत नाही. अर्नाळा, पाचूबंदर, किल्लाबंदरच्या होड्या भरती-ओहोटी पाहून निघतात. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते, म्हणून कोळ्याच्या घरातली झोपही तिच्यामागून सरकत राहते. आज रात्री मिळाली, तर आठवड्याने दुपारी.

एवढी माणसं रात्रीची जागी असतात आणि त्यांच्या जागेपणाला काम असतं. माझ्या जागेपणाला काम नव्हतं, नुसती भीती होती. ती कुठून आली आणि तिच्यासकट झोपायला मी कशी शिकले, ते सांगावंसं वाटतं. आमच्या भागात रात्री उशिरा पेटलेल्या खिडक्या पाहिल्या की वाटतं, हे ऐकायला पुष्कळ जण जागे असतील.

नालासोपारा पूर्वेला न्यायालयाच्या आदेशानंतर ४१ अनधिकृत इमारती पाडल्या गेल्या. २०२४ सरताना सुरुवात झाली आणि २०२५च्या पहिल्या दोन महिन्यांत बाकीच्या जमीनदोस्त झाल्या. घेणाऱ्यांनी घरं पैसे मोजून घेतली होती, कित्येकांचा पै-पै साठवलेला पैसा त्यात गेला होता. गाद्या, देव्हारे, मुलांची दप्तरं रस्त्याकडेला मांडलेली पाहून साऱ्या वसई-विरारच्या पोटात गोळा आला. आमची इमारत त्यांतली नव्हे. पण ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आम्हालाही मिळालेली नाही. इथे घर घेतलेल्या माणसाला ओसी, सीसी, एनए, सातबारा ही अक्षरं मुलांच्या पाढ्यांसारखी पाठ असतात. आमच्या बिल्डरने दिलेल्या फायलीत त्यांतला एक कागद कायम ‘येतोय’ असा राहिला आणि कर्जाचे हप्ते मात्र दर महिन्याच्या पाच तारखेला न चुकता जात राहिले.

त्या दिवसांत मला रात्री दोनच्या सुमारास जाग येऊ लागली. डोळा उघडायचा तोच छातीत धडधड घेऊन. रस्त्याचं काम रात्री चालायचं. खाली जेसीबी घरघरला की मी कानात प्राण आणून ऐकायची. लिफ्ट आमच्या मजल्यावर थांबली की नोटीस आली असं वाटायचं. लिफ्टमधून बाहेर पडायचा तो शेजारचा मुलगा, सेकंड शिफ्ट करून आलेला. त्याच्या किल्ल्यांचा आवाज मला ओळखीचा होता, तरी दार लागेपर्यंत श्वास सुटायचा नाही. मग हिशोब सुरू व्हायचा: घर गेलं तर भाडं किती, डिपॉझिट कुठून आणायचं, मुलीची शाळा बदलावी लागेल का, सासूबाईंना काय सांगायचं. हिशोब एकदा पुरा झाला की पुन्हा पहिल्यापासून.

भीतीने जागं राहणं हे मुळात शहाणपणाचं असतं, हे आमच्याच जिल्ह्याने पाहिलं आहे. नोव्हेंबर २०१८पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के बसू लागले आणि ते महिनोन्‌महिने थांबेनात. १ फेब्रुवारी २०१९ला ४.१ तीव्रतेचा धक्का बसला. थंडीच्या दिवसांत माणसं पोराबाळांना घेऊन अंगणात, तंबूत झोपली. भिंत अंगावर येऊ शकते हे ठाऊक असताना छपराखाली गाढ झोप लागली असती तरच नवल. अशा वेळी शरीर आपलं काम चोख करत असतं. कॉर्टिसॉल, अॅड्रेनॅलिन रक्तात उतरतात, नाडी वाढते, झोप पातळ होते आणि पानाची सळसळही ऐकू येते. ज्यांनी हे आपल्याला दिलं ते आपले पूर्वज रानात याच बळावर वाचले.

अडचण पुढे येते. मार्चमध्ये सोसायटीच्या वकिलांनी सगळ्यांना बसवून समजावलं. आपल्या इमारतीवर कुठलीही नोटीस नाही, जमीन कुणी बळकावलेली नाही, कागद पुरे करायला वेळ लागेल पण रस्ता आहे. दिवसा मला ते पटलं. रात्रीला पटलं नाही. दोन वाजता जाग यायची ती यायचीच. फरक एवढाच की आता भीती इमारतीची कमी आणि रात्रीची जास्त होती. दिवेलागणीलाच मनात यायचं, आज तरी लागेल का? जेवण लवकर, अंथरूण लवकर, दुपारी डोळा लागला तर लागू द्यायचा, ऑफिसात टिकायला चहावर चहा. झोप मिळावी म्हणून जे जे करत होते त्यानेच ती लांब पळत होती.

शेवटी एका डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी आधी थायरॉइड, रक्त, घोरणं, पाळी, चालू औषधं सगळं विचारून घेतलं आणि मग कागदावर तीन शब्द लिहिले: घडण, निमित्त, सवय. आर्थर स्पीलमन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८७मध्ये मांडलेली ही उकल आहे. काहींची घडणच हलक्या झोपेची असते. त्यावर एखादं निमित्त येतं, आजार, कर्ज, मृत्यू, नोकरी जाणं. निमित्त सरतं, पण त्या काळात लागलेल्या सवयी निद्रानाश टिकवून धरतात. आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिने असं चाललं तर त्याला जुना निद्रानाश म्हणतात. माझी घडण आईची, निमित्त कागदाचं, आणि सवयी माझ्या स्वतःच्या होत्या. तेवढ्याच माझ्या हातात होत्या.

उपाय ऐकून मी चकित झाले. लवकर झोपायचं नाही. झोप डोळ्यांवर आली तरच गादीवर जायचं. बराच वेळ लागली नाही तर उठून दुसरीकडे बसायचं आणि झापड आली की परत यायचं. रात्र कशीही जावो, सकाळी ठरल्या वेळी उठायचं. रिचर्ड बूटझिन यांनी १९७२मध्ये ही पद्धत मांडली. कारण साधं आहे: रात्रीमागून रात्री गादीवर तळमळत पडलं की शरीर गादीलाच जागरणाची जागा समजू लागतं. दिवसभर जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन साठतं आणि त्याने झोपेची ओढ वाढते. दुपारच्या लांब डुलकीने ती ओढ खर्ची पडते. चहा-कॉफीतलं कॅफीन अॅडेनोसिनची जागा अडवून बसतं, आणि संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहातलं निम्मं रात्री अकरालाही अंगात असू शकतं. विचार आणि सवयी मिळून बदलणाऱ्या या उपचाराला, सीबीटी-आयला, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६मध्ये मोठ्यांच्या जुन्या निद्रानाशावरचा पहिला उपचार म्हटलं. गोळ्या त्यानंतर, थोड्या दिवसांसाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली. मेडिकलवाल्याकडून मागून आणलेल्या गोळीने किती घरं अडकली आहेत, हे त्या बाई पोटतिडकीने सांगत होत्या. फीट येणाऱ्यांनी, रात्रपाळीवाल्यांनी, गाडी चालवणाऱ्यांनी झोपेचे तास कमी करण्याचे प्रयोग आपल्या मनाने करू नयेत, हेही त्यांनी बजावलं.

वन बीएचकेमध्ये दुसरीकडे म्हणजे स्वयंपाकघर. ओट्याजवळ पाट टाकून मी बसायची आणि तांदूळ निवडायची. मोबाइल बाहेरच्या खोलीत, घड्याळ भिंतीकडे तोंड करून. पहिले आठवडे जड गेले. दिवसा डोळ्यांत वाळू असायची. पण हळूहळू एक बदल जाणवला. उठून बसले की रात्र कमी भयाण वाटायची.

मे महिन्यात मुलीला घेऊन आगाशीला आत्याकडे राहिले. आत्याचा मोगऱ्याचा तुकडा आहे. रात्री दोनला जाग आली तशी मी ओटीवर येऊन बसले. तासाभराने आत्या उठली, मला पाहून काही बोलली नाही, बॅटरी आणि टोपली हातात दिली. मोगऱ्याच्या कळ्या उमलण्याआधी खुडाव्या लागतात. बॅटरीच्या उजेडात पानं काळी दिसतात आणि तयार कळी तेवढी पांढरी, टपोरी, दव धरलेली. अंगठा आणि तर्जनीत देठाजवळ धरून किंचित वळवायची, की सुटते. शेजारीच बारीक, हिरवट कळ्या असतात, त्यांना हात लागू द्यायचा नाही. मी भराभर खुडत होते. एक हिरवी कळी माझ्या हातात आलेली आत्याने पाहिली. “बाय, तयार असेल तेवढीच घे. उद्याची उद्या.”

त्या वाक्याने माझ्या हिशोबाला वेळ नेमून दिली. घरी आल्यावर रोज संध्याकाळी, जेवणाआधी, वही घेऊन बसू लागले. डाव्या बाजूला चिंता, उजव्या बाजूला तिच्यासाठी उद्या करता येईल अशी एक गोष्ट. ‘इमारत पडली तर’ याच्यासमोर ‘शनिवारी वकिलांना सातबाऱ्याबद्दल विचारणे’. काही चिंतांसमोर उजवी बाजू कोरी राहायची. ती कोरीच ठेवायची. हिरव्या कळ्यांची ती रांग होती. रात्री तीच चिंता वर आली तर मनाला सांगता यायचं, तुझी नोंद झालेली आहे.

तरी आवाजांचं भय उरलं होतं. ते सुटलं आमच्याच गावामुळे. नालासोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, पश्चिम किनाऱ्यावरचं नामांकित बंदर. १८८२मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी इथला ‘बुरुड राजाचा कोट’ नावाचा ढिगारा खणला आणि त्यातून स्तूप बाहेर आला. आत दगडी पेटी, पेटीत एकात एक करंडक, सोन्याची फुलं, आणि बुद्धाचं भिक्षापात्र मानून जपलेल्या खापऱ्या. पाली भाषेतल्या उदान या ग्रंथात याच सोपाऱ्याच्या किनाऱ्यावरच्या बाहियाची कथा आहे. सालीची वस्त्रं नेसणारा, लोकांनी पूजलेला हा माणूस. आपल्याला खरंच काही कळलं आहे का, या शंकेने तो अस्वस्थ झाला आणि थेट श्रावस्तीला बुद्धाला शोधत गेला. बुद्ध भिक्षेला निघाले होते. ही वेळ नव्हे, असं त्यांनी म्हटलं, तरी बाहिया हटेना. आयुष्याचा भरवसा नाही, आत्ताच सांगा, असा त्याचा धोशा. तिसऱ्यांदा विनवल्यावर बुद्धांनी थोडक्यात सांगितलं. दिसतं ते दिसण्यापुरतं ठेवावं, ऐकू येतं ते ऐकण्यापुरतं, त्यात आपल्या पदरचं काही मिसळू नये, असा त्याचा गाभा. बाहिया तेवढ्याने मोकळा झाला. थोड्याच वेळात वासरू असलेल्या एका गाईने त्याला ठार मारलं. त्याची भीती खरी ठरली, पण तोवर तो तिच्या पलीकडे गेला होता.

अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा चिंतातुर माणूस माझा गाववाला आहे, याने मला विलक्षण धीर आला. मी रात्री तेवढंच करू लागले. जेसीबी वाजला: आवाज. जवळ आला, थांबला: आवाज थांबला. लिफ्ट: दार, पावलं, किल्ल्या. नोटीस, बेघर, रस्ता हे सगळं त्या आवाजात नव्हतंच, ते मी घालत होते. घालायचं थांबवणं एका रात्रीत जमलं नाही. शंभरदा मन पळालं, शंभरदा परत आणलं. पण आवाज आवाजापुरता राहू लागला तशी धडधड उतरू लागली, आणि जागेपण नुसतं जागेपण झालं. त्याची भीती गेल्यावर झोप आपल्या वेळेने येऊ लागली. आजही एखादी रात्र फुकट जाते. दुसऱ्या दिवशी मी ठरल्या वेळी उठते, इतकंच.

तुम्हीही असे जागे असाल तर एकट्याने सोसू नका. महिनोन्‌महिने झोप नसेल, मन खचत असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांकडे जा. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२पासून चालू आहे, रात्रीही लागतो, आणि तिथे मराठीत बोलता येतं. चिंता खरी असेल तर तिला दिवसा वेळ द्या, माणसं जमवा, कागद मागा. मी आता सोसायटीच्या कमिटीत आहे. रविवारी सकाळी आम्ही फायली घेऊन बसतो, एकेक कागद लावत जातो. ओसी अजून मिळालेली नाही. मी मात्र झोपेसाठी त्या कागदाची वाट बघत बसलेली नाही.